पंधरा फुटांतले दोन फूट

जुन्या घराच्या दुरुस्तीचं काम निघालं की मालकांचं पहिलं वाक्य बहुधा ठरलेलं असतं. "भिंती, कडीपाट, जिना काय ते तुम्ही बघा, खिडक्या तेवढ्या काढून टाका." छप्पर गळतं म्हणून कुणी छप्पर टाकून देत नाही, कौलं परतून घेतात. जिन्याची पायरी झिजली तर पायरी बदलतात. खिडकीच्या वाट्याला मात्र थेट हकालपट्टी येते. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करते. पुण्याच्या पेठांतले वाडे, गिरगावातल्या चाळी, कोकणातली चिऱ्याची घरं. या कामात मी सर्वांत जास्त वाद घातले ते खिडक्यांवरून. कधी मालकांशी, कधी कंत्राटदाराशी, आणि बरेचदा स्वतःशीच. कारण दर वेळी उत्तर 'ठेवा' असंच येत नाही.

एका वाड्याचं उदाहरण सांगते. पेठेतला दुमजली वाडा, शंभरी ओलांडलेला. मागच्या भागात एकट्या काकू राहतात. बाकीचे भाऊबंद कोथरूड ते कॅलिफोर्निया असे पसरलेले. सगळ्यांनी मिळून दुरुस्तीला पैसे काढायचं ठरवलं, हीच मुळात मोठी गोष्ट होती. माझ्या हातात वाड्याच्या नकाशाआधी एक कोटेशन पडलं. चौदा खिडक्या काढून तिथे अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसवणे. आकडा खरोखरच वाजवी होता. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं : जुन्या खिडक्या काढून नेणे – मोफत.

त्या 'मोफत'पाशी मी अडखळले. खिडकी साधारण तीन फूट रुंद, साडेचार फूट उंच. चौकटीचं लाकूड चार इंच बाय तीन इंच. चारही बाजूंची लांबी मोजली तर पंधरा फूट. म्हणजे एका चौकटीत सव्वा घनफूट सागवान. चौदा खिडक्यांचं साडेसतरा घनफूट, आणि यात झडपा धरलेल्याच नाहीत. हे लाकूड आज लाकडाच्या वखारीत मागायला गेलात तर घनफुटाचा दर हजारांत ऐकू येईल, आणि तरी ते तसं मिळणार नाही. काढून नेणारा मोफत काम करत नव्हता. आपल्याच घरातलं लाकूड आपण त्याला मजुरी म्हणून देणार होतो, तेही न मोजता.

तसं मिळणार नाही असं म्हणते त्याला कारण आहे. शंभर वर्षांपूर्वी पुण्या-मुंबईच्या घरांत जो साग आला, तो बर्माचा किंवा मध्य प्रांतातला. बाजारात अजूनही चांगल्या सागाला 'सीपी' म्हणतात ते त्या जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसवरून. ही झाडं जंगलात सावकाश वाढलेली असत. खोडाचा मधला, गडद रंगाचा गाभा भरपूर आणि बाहेरचं फिकट कच्चं लाकूड कमी. सागाचं तेल आणि वाळवीला नकोसे वाटणारे पदार्थ असतात ते या गाभ्यात. फिकट भागाला वाळवी इतर कुठल्याही लाकडासारखीच खाते. आज म्यानमारमधून ओंडके येत नाहीत, १ एप्रिल २०१४ पासून त्या देशाने त्यांची निर्यात बंद केली. वखारीत घाना, इक्वेडोर अशी नावं ऐकू येतात. तो लागवडीचा साग. तोही सागच, पण लवकर तोडलेला, रुंद वर्तुळांचा, फिकट भाग जास्त असलेला. तेव्हा 'जुनी सागवानी काढून नवी सागवानी बसवू' हा पर्याय कागदावर बरोबरीचा दिसतो. टोच्या घेऊन पाहिलं तर दिसत नाही.

टोच्या हे या कामातलं सर्वांत महत्त्वाचं हत्यार. मिस्त्री आणि मी वाड्यात फिरलो तेव्हा त्यांच्या हातात टोच्या आणि छोटी हातोडी, माझ्या हातात टेप, ओळंबा आणि वही. मिस्त्री मुळशीकडचे, सुतारकी वडिलांकडून आलेली. प्रत्येक खिडकीपाशी तेच चार उद्योग. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यांत टोच्या दाबून बघायचा : घट्ट लाकडात तो रुतत नाही, सडक्यात लोण्यासारखा जातो. मग हातोडीने उभ्या लाकडावर खालून वर टकटक करत जायचं. जिथे आवाज बद्द येतो तिथे आत पोकळ. मग दोन्ही कर्ण मोजायचे. सारखे भरले तर चौकट काटकोनात आहे, फरक आला तर भिंत खचली आहे का ते आधी बघायचं. शेवटी ओळंबा. काकू दारात उभ्या राहून हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "डॉक्टरसुद्धा एवढा वेळ तपासत नाहीत हो."

पहिल्या मजल्यावरच्या एका खिडकीपाशी मिस्त्री उकिडवे बसले आणि सिलच्या, म्हणजे चौकटीच्या खालच्या आडव्या लाकडाच्या, कोपऱ्यातला रंग त्यांनी पटाशीने उडवला. आत तपकिरी, चौकोनी तडे गेलेला भुसा. बोटाने काढला तर निघत होता. त्यांनी टोच्या तिथून वर वर टोचत नेला. सहा इंचांवर तो थांबला. पुन्हा जोर लावला, जागचा हलेना. "बघा ताई, हितनं वर लाकूड जिवंत आहे." दुसऱ्या बाजूलाही तसंच. दोन्ही उभ्यांचे खालचे सहा-सहा इंच आणि सिलची दोन टोकं मिळून फूटभर. पंधरा फुटांपैकी दोन फूट गेले होते, तेरा फूट शाबूत होते. घरात मात्र गेली कित्येक वर्षं 'ती खिडकी सडली' असंच म्हटलं जात होतं.

आता ते दोन फूट का सडले, हा प्रश्न. लाकूड नुसतं जुनं झालं म्हणून सडत नाही. सडवणारी बुरशी वाढायला लाकडात साधारण वीस टक्क्यांच्या वर ओल सतत राहावी लागते. वाऱ्यावर असलेली झडप पावसात कितीही भिजली तरी दोन उन्हांत सुकते. म्हणूनच झडपांचा वरचा भाग क्वचितच सडतो. सडतं ते भिंतीला चिकटलेलं, पाणी साचणारं लाकूड. या खिडकीखाली मूळचा उतार चुन्याचा होता, बाहेरच्या बाजूला झुकलेला. मधे कधीतरी कुणी त्यावर सिमेंटचा कोबा चढवला. तो सिलच्या वर अर्धा इंच आला. झड आली की पाणी बाहेर ओघळायच्या ऐवजी त्या कोब्यामागे थांबायचं, आणि सिमेंटमुळे भिंतीतून सुकायलाही वाट नाही. चुना ओल घेतो आणि सोडतो. सिमेंट ती लाकडाकडे ढकलतं. तिथे नवी खिडकी बसवली असती तर नव्या खिडकीचे स्क्रू गंजले असते, भिंतीला पोपडे आले असते, ओल तशीच राहिली असती. खिडकी बदलली म्हणून पाण्याची वाट बदलत नाही.

म्हणून मी आता मालकांना पहिला प्रश्न 'किती सडलंय?' असा विचारतच नाही. पाणी कुठून येतंय, हे आधी शोधते. वरच्या छज्ज्याची पागोळी थेट सिलवर पडते का? पन्हळ फुटलं आहे का? नैर्ऋत्येची भिंत आहे का? पुण्या-मुंबईचा पाऊस तिरका येतो तो त्या बाजूने, आणि एकाच घरातली उत्तरेची खिडकी शंभर वर्षं टकाटक राहते तर नैर्ऋत्येची दर पिढीत काम काढते. भिंतीपलीकडे मोरी आहे का? या वाड्यात मागच्या तीन खिडक्यांचं कारण तेच निघालं. मूळ घरात नसलेली मोरी नंतर भिंतीला लागून बांधली होती. ओलीच्या मागोमाग वाळवी आली होती. चौकटीवर रंग व्यवस्थित, पण हातोडी मारली की डब्यासारखा आवाज. वाळवी लाकूड आतून खाते आणि बाहेर कागदाएवढा पापुद्रा ठेवते. पापुद्रा काढला तर आत मातीच्या नळ्या थेट सिलपासून वरच्या आडव्यापर्यंत. तिथे मी मिनिटभरही वाद घातला नाही. त्या तीन चौकटी काढायच्याच. पण आधी मोरीची गळती, मग भिंतीला वाळवीचं औषध, आणि मग नवी चौकट, भिंतीकडच्या बाजूला डांबर लावून.

राहिलेल्या अकरांपैकी पाच खिडक्यांना रंग, बिजागऱ्या आणि तेलपाणी यापलीकडे काही नको होतं. सहा खिडक्यांना जोड लागणार होता. चौदा खिडक्यांना मिळून एक निर्णय घ्यायला आम्ही बसलो होतो, आणि निघाले तीन वेगळे. मला या कामातून शिकायला मिळालेली मुख्य गोष्ट हीच. ठेवायची की काढायची हा प्रश्न घरातल्या सगळ्या खिडक्यांना मिळून विचारायचा नसतो, एका खिडकीलाही विचारायचा नसतो. तो सिलला वेगळा, उभ्याला वेगळा, झडपेला वेगळा, बिजागरीला वेगळा विचारायचा. जुनी खिडकी बांधलीच आहे तशी. प्रत्येक भाग सुटा होतो, आणि तेवढाच बदलता येतो. कारखान्यातून येणारी आजची खिडकी तशी नसते. तिची रबराची पट्टी, चाकं, लॉक हे सगळं त्या कंपनीच्या त्या वर्षीच्या मापाचं. काही वर्षांनी तो नमुना बंद झाला की भाग मिळत नाही आणि चांगली फ्रेम असूनही अख्खी खिडकी जाते.

जोड कसा करतात ते जवळून बघण्यासारखं असतं. सडका भाग सरळ आडवा कापायचा नाही. चांगल्या लाकडात इंच-दोन इंच शिरून तिरका काप घ्यायचा आणि त्या कापाचा उतार बाहेरच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे पाणी सांध्यात न शिरता बाहेर ओघळतं. कापाची लांबी लाकडाच्या जाडीच्या तिप्पट तरी हवी, नाहीतर जोडाला पकड येत नाही. नवा तुकडा जुन्याच सागाचा घ्यायचा. त्याच्या रेषा मूळ लाकडाच्या रेषांच्या दिशेने लावायच्या, म्हणजे दोन्ही लाकडं पावसात-उन्हात सारखी हलतात. मिस्त्रींनी तुकडा नुसता बसवून, काढून, रंध्याचा एक हात मारून, पुन्हा बसवून बघितला. मधल्या फटीत पोस्टकार्ड जात नाही अशी खात्री झाल्यावर पाण्याला टिकणारा डिंक लावला आणि आडव्या दोन बांबूच्या खुंट्या ठोकल्या. खिळा नाही. खिळा गंजतो, गंज फुगतो आणि जोड आतून फोडतो. दुसऱ्या दिवशी त्यावरून रंधा फिरवला तेव्हा जोड रंगाच्या फरकानेच काय तो कळत होता.

जुना साग आणला तो पाडलेल्या वाड्यांचं लाकूड विकणाऱ्यांकडून. पुण्यात असं लाकूड मिळतं, मुंबईतही मिळतं. ज्यांच्या खिडक्या 'मोफत' निघाल्या त्यांचंच ते असतं. घेताना आत राहिलेले खिळे शोधावे लागतात. आमचे मिस्त्री मोठं लोहचुंबक घेऊनच जातात, कारण एक लपलेला खिळा करवतीचं पातं खातो.

रंगाबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. खिडकीवरचे थर खरवडले की घराचा इतिहास निघतो : वर पांढरा ऑइलपेंट, खाली चॉकलेटी, त्याखाली हिरवा, तळाशी कुठेतरी तेलाचा काळसर हात. हे बघायला मौज वाटते, पण जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत ९० भाग अशी घालणारा नियम आपल्याकडे २०१६ मध्ये निघाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला. त्याआधीचा प्रत्येक थर शिशाचा आहे असंच मी धरून चालते. तो कोरडा घासायचा नाही. ओल्या पॉलिश पेपरने घासायचा, खाली प्लॅस्टिक अंथरायचं, तोंडाला साधा रुमाल नव्हे तर चांगला मास्क लावायचा, आणि काम चालू असताना घरातली लहान मुलं नि गर्भवती बाई यांना तिथून हलवायचं. रंगारी हसतात. हसू द्यावं, पण ऐकायला लावावं.

दुसरी ठासून सांगायची गोष्ट म्हणजे हंगाम. जुलैत झडप फुगते, बसत नाही, मग शेजारच्या कुणाला तरी बोलावून तिच्या कडेवर रंधा मारला जातो. मार्चमध्ये तीच झडप सुकून आत जाते आणि बोटभर फट पडते. मग लोक म्हणतात, लाकडी खिडक्या नीट लागतच नाहीत. लाकडी खिडकीचं काम दिवाळीनंतर काढावं, लाकूड पुरतं सुकल्यावर. पावसाळ्यात अडकलेल्या झडपेत बहुतेक वेळा दोष लाकडाचा नसतोही. एकावर एक चढलेल्या रंगाच्या थरांनी कडा जाड झालेली असते, किंवा वरच्या बिजागरीचा स्क्रू सैल होऊन झडप झुकलेली असते. तिथे रंधा नको, पेचकस पुरतो.

खर्चाचं खरं सांगते. दुरुस्तीत सामान कमी आणि मजुरी जास्त. बदलण्यात मजुरी कमी आणि सामान जास्त. चांगला सुतार मिळणं कठीण, आणि मिळाला तर त्याची मजुरी द्यायची तयारी हवी. त्या वाड्यात दुरुस्तीचा एकूण आकडा अॅल्युमिनियमच्या कोटेशनपेक्षा थोडा वर गेला. मालकांपैकी एकाने व्हिडिओ कॉलवर तोच मुद्दा काढला, आणि तो रास्त होता. मी त्याला साडेसतरा घनफुटांचा हिशेब दाखवला. तो गप्प बसला नाही, त्याने गुणाकार करून बघितला, आणि मग हो म्हणाला. भावनेने पटवलेला मालक काम अर्धवट झाल्यावर कच खातो. हिशेबाने पटलेला टिकतो.

पण काकूंना हिशेबाशी काही देणंघेणं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मला वारा यायला हवा, मांजर यायला नको, आणि तो अडसर माझ्याने उचलवत नाही." या तीन वाक्यांत खिडकीची सगळी परीक्षा आली. सरकत्या खिडकीत दोनपैकी एकच पल्ला उघडतो. तीन फुटांच्या खिडकीत वारा येतो दीड फुटातून. जुन्या खिडकीच्या झडपा पूर्ण उघडतात. युरोपातल्या पुस्तकांत जुन्या खिडक्यांचा वाद थंडीत उष्णता किती वाया जाते यावर चालतो. आपल्याकडे मेमध्ये हवा किती खेळते आणि जुलैत पाणी किती अडतं, हा वाद आहे. मांजरासाठी गज होतेच; दोन निखळले होते ते बसवले, आतून डासांची जाळी लावली. आणि अडसर काढून तिथे खाली-वर हलक्या खिट्ट्या दिल्या. घरातलं माणूस थकलं की खिडकीनेही थोडं बदलावं. रस्त्याकडच्या खोलीत गाड्यांचा आवाज फार होता. वाड्याची भिंत दोन फुटांची, त्यामुळे जुनी खिडकी बाहेर तशीच ठेवून भिंतीच्या आतल्या कडेला काचेची दुसरी खिडकी बसवता आली. मधल्या हवेच्या जागेने आवाज चांगलाच कमी झाला. ठेवा किंवा काढा याशिवाय तिसरी वाट असते ती अशी.

गिरगावातल्या चाळीत हिशेब वेगळा लागतो. तिथे खिडकी कुणाची इथूनच सुरुवात. पागडीची खोली, मालक भाडं घेतो ते नाममात्र, दुरुस्तीला तो हात लावत नाही. ३० सप्टेंबर १९६९ पूर्वीच्या भाड्याच्या इमारती उपकरात येतात, त्यांच्या मुख्य दुरुस्त्या म्हाडाच्या मंडळाकडे जातात; पण तिथे आधी तुळया, जिने आणि संडास यांचा नंबर लागतो, खिडक्यांचा कुठून लागणार? मग जो तो आपापली खिडकी बदलतो. एकाची काळी काच, दुसऱ्याची निळी, तिसऱ्याची बाहेर काढलेली पेटीसारखी जाळी. तिरप्या पट्ट्यांच्या झडपा होत्या तेव्हा धो धो पावसातही खिडकी लावून वारा मिळायचा. आता सरकत्या खिडकीच्या पट्टीत पाणी जायची भोकं असतात, ती बसवणाऱ्याने सिलिकॉनने बुजवलेली, आणि पाणी थेट गादीवर.

त्यात 'पुनर्विकास होणारच आहे' हे वाक्य चाळीत वर्षानुवर्षं टांगलेलं असतं. होणारच आहे म्हणून रंगकाम काढत नाहीत, आणि होत नाही म्हणून खिडकी कोसळायला येते. अशा ठिकाणी मी पन्नास वर्षांची दुरुस्ती सुचवत नाही. पाणी अडवा, बिजागऱ्या बदला, सडका कोपरा जोडा, एक हात रंगाचा द्या. पाच-सात पावसाळे निघतील एवढंच. किती वर्षांसाठी काम करतोय हे न ठरवता दुरुस्ती काढली तर एकतर पैसे पाण्यात जातात, नाहीतर झडप रस्त्यावर. इमारत वारसा यादीत असली तर मात्र दर्शनी खिडक्या बदलण्याआधी महापालिकेत विचारावंच लागतं. मुंबईत वारसा नियम १९९५ पासून आहेत, आणि तरी 'खिडकीला कसली परवानगी?' असं विचारणारे रोज भेटतात.

कोकणात पुन्हा तिसरीच तऱ्हा. तिथे घरात साग कमी. फणस, ऐन, किंजळ जास्त. खिडकी बहुधा फणसाची, आणि फणस परसात उभा. सुतार गावातला. अशा घरात चौकट गेली तर दुसरी करून बसवणं हा शहाणपणाचाच मार्ग. मूळ खिडकीही त्याच परसातून आली होती. पण फणस, ऐन, किंजळ ही झाडं राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत येतात, तेव्हा कुऱ्हाड लावण्याआधी परवानगी घ्यायची, आणि तोडलेलं लाकूड निदान एक उन्हाळा सावलीत सुकू द्यायचं. ओल्या फणसाची झडप वर्षाच्या आत वाकडी होते.

गोव्यात सासष्टीतल्या एका जुन्या घरात तर 'बदला' हा पर्यायच शिल्लक नव्हता. तिथल्या खिडक्यांत काच नाही, पातळ शिंपले आहेत. शिंपल्याचे चौकोनसर कापलेले तुकडे लाकडाच्या बारीक पट्ट्यांच्या खाचांत एकावर एक सरकवलेले. आतून उजेड येतो तो दुधाळ, डोळ्यांना न खुपणारा. या शिंपल्याची प्रजाती २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आली. तेव्हा नवे शिंपले आणून भरू, हा विषय संपला. पट्ट्या नव्या करायच्या, जुने शिंपले एकेक काढून साबणाच्या पाण्यात मऊ ब्रशने धुवायचे आणि पुन्हा सरकवायचे. फुटलेले असतील तिथे दुसऱ्या मोडक्या खिडकीतले लावायचे. म्हणजे मोडकी खिडकीही टाकायची नाही.

आमच्या शिक्षणात जुन्या वास्तूंबद्दल एक तत्त्व शिकवतात : गरजेपुरतंच करा, आणि होईल तितकं कमी करा. मूळ वस्तू, मूळ लाकूड पवित्र. भारतात वारसा जपणाऱ्या 'इंटॅक' या संस्थेने २००४ साली आपली सनद काढली, तिचा भर थोडा वेगळा आहे. इथे हाताची कला अजून जिवंत आहे, तेव्हा कारागिराला त्याच्या परंपरेने नवं घडवू देणं हेही जतनच, असं ती मानते. मिस्त्रींनी यातलं काही वाचलेलं नाही. पण सिलचं जुनं टोक जपण्यासाठी मी रसायनाचा भराव सुचवला तेव्हा ते म्हणाले, "ताई, सडकं लाकूड सांभाळून काय करायचं? मला चांगला तुकडा घालू द्या, माझा नातू पुन्हा काढून घालील." मला दोन्ही बाजू पटतात. कोरीव काम असेल तर मी मूळ लाकडासाठी हट्ट धरते. साधी सिल असेल तर मिस्त्रींचं ऐकते. चांगलं लाकूड फेकायचं नाही, एवढं मात्र आम्हा दोघांनाही मान्य असतं.

खिडकी काढा असं मी केव्हा सांगते? वाळवीने चारही बाजू पोकळ केल्या असतील तेव्हा. भिंत इतकी खचली असेल की कर्णांत दोन-तीन इंचांचा फरक आहे आणि भिंतच नव्याने बांधायची आहे, तेव्हा. मूळ खिडकी आधीच गेली आहे आणि तिच्या जागी कुणीतरी जंगली लाकूड नि प्लायवूड ठोकलं आहे, तेव्हा तर डोळे झाकून. आणि एक कारण लोकांना चमत्कारिक वाटतं : घरात पुढे तिच्याकडे बघणारं कुणी नसेल तेव्हा. लाकडी खिडकी दर तीन-चार वर्षांनी एक हात मागते. बेलतेलाचा किंवा रंगाचा, आणि काचेभोवतीची लांबी सुटली असेल तर ती पुन्हा भरायची. हे करणारं माणूस नसेल तर आज केलेली उत्तम दुरुस्तीही दहा वर्षांत पुन्हा 'सडली' होईल. अशा घरात चांगली अॅल्युमिनियमची खिडकी, उघडझापीच्या झडपांची, हा प्रामाणिक सल्ला आहे. काढलीच तर गज, बिजागऱ्या, कड्या आणि एक अख्खी खिडकी नमुना म्हणून माळ्यावर ठेवा, आणि बाकीचं लाकूड घनफूट मोजून विका. मोफत देऊ नका.

तुमच्या घरी जुनी खिडकी असेल तर कुणालाही कोटेशन विचारण्याआधी दिवाळीनंतरच्या एका कोरड्या सकाळी एवढं करा. बाहेरून बघा, पाणी कुठे थांबतं. मग टोच्या घ्या, नसला तर पेचकस, आणि चौकटीच्या खालच्या कोपऱ्यातून वर टोचत जा. तो जिथे थांबेल तिथे पेन्सिलने खूण करा. खुणेच्या खालचं लाकूड सुताराचं काम आहे. खुणेच्या वरचं तुमचं आहे. ते कुणाला देऊ नका.